ऐकणारा माणूस दवाखान्यातच घडला पाहिजे



थेरगावच्या डांगे चौकात सकाळी सहा-सातच्या सुमारास उभे राहिले की आपला कष्टकरी समाज डोळ्यांसमोरून जातो. चाकणहून रात्रपाळी संपवून परतणारा कंत्राटी कामगार, हिंजवडीच्या इमारतींत झाडलोट करायला निघालेल्या आयाबहिणी, डबा घेऊन बसमागे पळणारी तरुण पोरे. यांतील पुष्कळजण आज ना उद्या दवाखान्याच्या रांगेत लागतात. कोणाचे डोके दुखते, कोणाच्या छातीत धडधडते, कोणाला रात्ररात्र झोप नाही, कोणाच्या अंगाची नुसती आग होते. केसपेपर निघतो, रक्तदाब मोजला जातो, रक्त तपासले जाते. रिपोर्ट नॉर्मल येतो. ताकदीच्या गोळ्या मिळतात. आठ दिवसांनी तोच माणूस पुन्हा त्याच रांगेत!

रिपोर्ट नॉर्मल आहे, पण माणूस बरा नाही. मग दुखणे आहे कुठे? ते मनात आहे, आणि मनाचे विचारायला तिथे कोणी बसलेले नाही. डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. शंभर-दीडशे पेशंट ज्यांच्या दारात उभे आहेत, त्यांनी एकेकाच्या घरची कहाणी कधी ऐकावी?

"मग मनाच्या डॉक्टरकडे जावे," असे कोणी म्हणेल. पण आपल्या भागात मनाचा डॉक्टर म्हटले की लोकांच्या तोंडी एकच शब्द येतो : येरवडा. तिथल्या मनोरुग्णालयाच्या नावाची एवढी धास्ती की घरच्या माणसाला झोप येत नाही हे शेजाऱ्यालाही सांगितले जात नाही. मुलीचे लग्न मोडेल, पोराची नोकरी जाईल, लोक वेडा म्हणतील. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. तीत शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक त्रास असल्याचे आढळले. निरनिराळ्या आजारांत शंभरातील सत्तर ते ब्याण्णव लोक उपचाराविना होते. आम्ही म्हणतो, हे लोक घरात बसलेले नाहीत. ते अंगदुखीची तक्रार घेऊन साध्या दवाखान्याच्या रांगेत उभे आहेत. म्हणून मनाचे ऐकणारा माणूसही त्याच दवाखान्यात, रक्तदाब मोजतात त्या टेबलाशेजारी बसला पाहिजे. यालाच जाणकार एकात्मिक आरोग्यसेवा म्हणतात.

ही मेहेरबानी नव्हे, हा हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १८ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की शासनाने मानसिक आरोग्याची सेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत, प्राथमिक पातळीपासून सर्व पातळ्यांवर, सामावून घ्यावी. कायदा झाला. पण त्या खुर्चीवर बसणार कोण, आणि त्याला शिकवणार कोण? आजचा आमचा विषय हाच आहे.

अलीकडे आपल्या घरांतील मुलीही मानसशास्त्र घेऊन बी.ए., एम.ए. करू लागल्या आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या काय शिकतात? ग्रंथातील सिद्धांत, चाचण्या, मार्कांची बेरीज. मग इंटर्नशिप म्हणून कुठे तरी काही आठवडे बसायचे, फाइल तयार करायची, सही घ्यायची. अशा मुलीला एकदम दवाखान्यात बसवले तर काय होईल? समोर एक मावशी येऊन बसते. मुलगी विचारते, "तुम्हाला नैराश्य आहे का?" मावशी म्हणते, "नाही बाई, तसलं काही नाही." बोलणे तिथेच संपते.

हीच मुलगी नीट शिकलेली असेल तर वेगळे घडते.

"मावशी, रात्री झोप लागते का?"

"लागते, पण तीनला जाग येते."

"मग काय करता?"

"पत्र्याकडं बघत पडते. पोराला कंपनीनं काढलंय, त्याचाच घोर."

"जेवण जातं का?"

"चहावरच दिवस निघतो बघ."

"मावशी, कधी जगूच नये असं मनात येतं का?"

हा शेवटचा प्रश्न विचारायला नवीन मुली घाबरतात. विचारले तर ते मनात भरेल असे त्यांना वाटते. जाणकारांचा अनुभव उलट आहे. शांतपणे, सरळ विचारल्याने असा विचार मनात पेरला जात नाही. उलट माणसाला बोलायची वाट मिळते. मात्र उत्तर "हो" आले तर पुढे काय करायचे, कोणाला बोलवायचे, घरच्यांना काय सांगायचे, हे त्या मुलीला पक्के ठाऊक हवे. ते पुस्तक वाचून येत नाही.

असे शिक्षण देता येते का? येते, आणि त्याचा दाखला आपल्या शेजारी गोव्यात आहे. तिथे 'संगाथ' ही संस्था आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत व खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत, मिळून २४ ठिकाणी, 'मानस' नावाचा प्रयोग केला. निम्म्या ठिकाणी स्थानिक, पदवीपर्यंत शिकलेल्या पण आरोग्याचे शिक्षण नसलेल्या महिलांना दोन महिने शिकवून समुपदेशक म्हणून बसवले. रुग्णाला 'मानसिक रोगी' असा शिक्का मारायचा नाही, ताणाची भाषा बोलायची. शरीराचे दुखणे आणि मनाचा घोर यांचे नाते समजावून सांगायचे, श्वासाचे व्यायाम शिकवायचे. त्रास जास्त असेल तर गोळ्या डॉक्टरांनी द्यायच्या. अवघड रुग्णासाठी मानसोपचारतज्ज्ञ फेरीवर यायचे. म्हणजे प्रत्येकाचे काम ठरलेले, आणि सगळे एकाच छपराखाली.

याचा निकाल २०१० साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी, जिथे समुपदेशक होत्या तिथे शंभरातील सुमारे ६६ रुग्ण बरे झाले होते; जिथे नव्हत्या तिथे सुमारे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडचे प्रमाण सारखेच, साठ-पासष्टच्या घरात होते. म्हणजे फायदा झाला तो सरकारी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला. आपल्याच माणसाला.

पुढे याच गटाने नैराश्यासाठी 'हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम' नावाची सहा ते आठ बैठकींची सोपी पद्धत बसवली. गळून गेलेल्या माणसाला पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे व माणसांकडे वळवायचे, हा तिचा गाभा. ज्यांना ती मिळाली त्यांच्यापैकी शंभरातील ६४ जण तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यातील ३९. हा अहवाल २०१७ साली छापून आला.

आम्हांला यात सर्वांत महत्त्वाचे वाटले ते शिकवण्याचे तंत्र. आधी वर्गातले शिक्षण, मग प्रत्यक्ष रुग्णांबरोबर उमेदवारी. रुग्णाची परवानगी घेऊन बैठकीचे बोलणे टेप करायचे. मग समुपदेशकांनी एकत्र बसून ती टेप ऐकायची आणि एकमेकींना गुण द्यायचे : इथे तू नीट ऐकलेस, इथे मध्येच तोडलेस, इथे उपदेश केलास. जाणत्या तज्ज्ञांचे गुण आणि या बायकांचे गुण ताडून पाहिले, तर ते बरेचसे जुळले. कारखान्यात फिटर कसा तयार होतो? उस्तादाजवळ उभे राहून, चुकलेला जॉब पुन्हा हातात घेऊन. ऐकण्याचे कामही तसेच शिकावे लागते.

आता कोणी विचारेल, साध्या पदवीधर बायका हे करू शकतात तर एम.ए.च्या मुलींची गरज काय? आम्ही म्हणतो, दोघींचीही गरज आहे. आशाताई, सिस्टर, समुपदेशक यांना आठवड्याला कोणी तरी मार्गदर्शन करणारा लागतो, आणि तो उद्या याच मुलींतून यायचा आहे. म्हणून त्यांचे शिक्षण जास्त कसून व्हावे. त्यांना मनाबरोबर शरीरही थोडे कळावे. थायरॉइड मंद झाले, अंगात रक्त कमी असले, तरी माणूस गळून जातो, उदास होतो. मधुमेह आणि नैराश्य पुष्कळदा जोडीने येतात. क्षयाच्या काही औषधांचा मनावर परिणाम होतो. बाळंतपणानंतरचे रडू हे नेहमीच 'नाटक' नसते. हे ठाऊक नसेल तर मुलगी समुपदेशन करत बसेल आणि आजार दुसराच निघेल.

तिला थोडक्यात लिहिता यावे. चार पाने लिहिली तर डॉक्टर वाचणार नाहीत. केसपेपरवर दोन ओळी हव्यात : काय आढळले, काय ठरले, पुन्हा कधी बोलावले. तिला पंधरा-वीस मिनिटांत कामाचे बोलता यावे, कारण बाहेर बसलेल्या माणसाचा खाडा होतो आहे. आणि तिला माणसांची भाषा यावी. थेरगावात मराठवाड्याचा माणूस आहे, खानदेशचा आहे, विदर्भाचा आहे, उत्तर प्रदेश-बिहारचाही आहे. कोणी म्हणतो "घोर लागलाय", कोणी म्हणतो "डोक्यात विचारांचं चक्र आहे". आफ्रिकेत झिंबाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याच्या आवारातील बाकावर वस्तीतल्या आज्यांना शिकवून बसवले. तिथले लोक या दुखण्याला आपल्या भाषेत 'फार विचार करणे' असेच म्हणतात, आणि आज्याही तोच शब्द वापरतात. आमची माणसे काही वेगळे बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या समाजाला अधिक लागू आहे. खिडकीवर "ए, पुढं सरक" ऐकण्याची सवय झालेला माणूस मन उघडे करत नाही. आडनाव ऐकून ज्याचा सूर बदलतो, त्याच्यापुढे तर मुळीच नाही. प्रशिक्षणाचा पहिला धडा "अहो मावशी, बसा" हा असावा, आणि दुसरा गुप्ततेचा. वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. दवाखान्यात सांगितलेली गोष्ट नळावर पोचली, तर पुन्हा कोणी त्या खुर्चीत बसणार नाही.

आता पैशाची बाजू. डॉक्टरकीच्या इंटर्नला विद्यावेतन मिळते. मानसशास्त्राच्या मुलींना अनेक ठिकाणी फुकट राबावे लागते. काही ठिकाणी तर उलट त्यांच्याकडूनच फी घेतात. ज्या मुलीचे वडील कंत्राटावर आणि आई धुण्याभांड्याला, ती सहा महिने बसभाडे खर्चून फुकट कशी काम करणार? मग हे क्षेत्र खात्यापित्या घरच्यांचेच राहील, आणि रांगेतल्या मावशीची भाषा जिला जन्मापासून येते तीच मुलगी बाहेर राहील. विद्यावेतनाचा प्रश्न म्हणूनच रुग्णाचाही प्रश्न आहे.

या घरांतील आईवडिलांनी एक ध्यानात ठेवावे. नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षण असलेला, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम लागतो. या अभ्यासक्रमांची नावे व रचना सध्या बदलत आहेत. म्हणून फी भरण्यापूर्वी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, ते पाहावे, आणि प्रत्यक्ष रुग्णालयात किती काळ, कोणाच्या हाताखाली शिकवणार, हेही विचारावे.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. आजारी कामगाराचा पगार बुडू नये, हा त्यामागचा विचार. त्या योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजारही आहेत, आणि अटी पूर्ण करणाऱ्यास वाढीव आजारपणाचा लाभ मिळू शकतो. हे किती कामगारांना ठाऊक आहे? दवाखान्यात ऐकणारा माणूस असेल तर आजार वेळीच ओळखला जाईल आणि कागदही वेळीच होतील.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. थेरगावात महापालिकेचे रुग्णालय आहे, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, कामगार विम्याचे दवाखाने आहेत. अशा ठिकाणी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना निदान सहा महिने, विद्यावेतन देऊन, जाणत्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली शिकवावे. त्यांना वेगळ्या खोलीत न टाकता ओपीडीत बसवावे. एक तुकडी गेली की रुग्ण वाऱ्यावर सुटू नये, यासाठी एक कायम माणूस तिथे असावा. महिला मंडळांनी, कामगार संघटनांनी आणि नगरसेवकांकडे जाणाऱ्या प्रत्येक शिष्टमंडळाने पाणी-रस्त्याच्या अर्जात ही एक ओळ वाढवावी.

आणि तोपर्यंत ज्याच्या घरी कोणी रात्री जागे आहे, त्याने १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. फोन केव्हाही लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.