ग्राउंडवर उतरण्याआधी रक्ताची एक चाचणी

पहाटे पाच वाजता नंदुरबारच्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, शहादा-तळोद्याच्या रस्त्याने जा, नाहीतर नवापूरकडे जा. धावणारी मुले-मुली दिसतातच. कोणी पोलीस भरतीसाठी धावतो, कोणी अग्निवीर होण्यासाठी. पुण्या-मुंबईत हल्ली हौशी लोक फी भरून चिखलातून सरपटतात, भिंती चढतात, दोरखंडाला लोंबकळतात. त्याला अडथळ्यांची शर्यत म्हणतात. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये घोडेस्वारी जाऊन अशीच शर्यत येणार आहे. आमच्या जिल्ह्यातल्या मुलांची अडथळ्यांची शर्यत मात्र हौसेची नाही, पोटाची आहे. सैन्यभरतीत 1600 मीटर धावायचे, बीम मारायचे, नऊ फुटी खड्डा ओलांडायचा, झिगझॅग बॅलन्स पार करायचा. धावण्याचे पूर्ण गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटांच्या आत यावे लागते. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. एका सेकंदाने गुण जातो, आणि एका गुणाने नोकरी.

आपल्या समाजाला वर्दीचे मोल सांगायला नको. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार सैन्यात होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, आणि ते दार पुन्हा नीट उघडून 1941 साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत दोन पिढ्या गेल्या. म्हणून घरातला मुलगा किंवा मुलगी ग्राउंडला जाऊ लागली की आई पहाटे चारला उठून डबा करते. या धडपडीला आमचा विरोध नाही, उलट अभिमान आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे: ग्राउंडवर उतरण्याआधी प्रत्येकाने सिकलसेलची चाचणी करून घ्यावी, आणि प्रत्येक मैदानावर सरावाचे काही साधे नियम पाळले जावेत.

हे आम्ही का लिहितो आहोत? मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीचा एक 19 वर्षांचा मुलगा सरावात कोसळला. आठ दिवस तापाने घरी होता. बरा झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मैदानावर गेला. 400 मीटरच्या फेऱ्या एकामागून एक चालू होत्या. चौथ्या फेरीला तो म्हणाला, पायात जीव नाही. शिकवणारा म्हणाला, नाटक करू नकोस, पळ. पाचव्या फेरीत तो बसला तो उठलाच नाही. शुद्धीवर होता, बोलत होता, पण पाय उचलेनात. संध्याकाळी लघवी चहाच्या रंगाची झाली. दवाखान्यात बरेच दिवस काढून तो वाचला. तिथे कळले की तो सिकलसेलचा वाहक आहे. घरात कोणालाच माहीत नव्हते. आम्हालाही कधी विचारावेसे वाटले नव्हते, हे कबूल करायला हवे.

सिकलसेल म्हणजे काय हे बहुतेकांनी ऐकलेले असते, पण ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतला फरक ठाऊक नसतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते वाहक. रुग्णाला वेदना, रक्तक्षय, वारंवार आजारपण असते. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा सराव करूच नये. वाहक मात्र एरवी धडधाकट असतो. शेतात राबतो, डोंगर चढतो, काही जाणवत नाही. पण शरीर फार ताणले, अंगातले पाणी कमी झाले, ऊन लागले आणि विश्रांती मिळाली नाही, तर त्याच्याही रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. स्नायूंना रक्त मिळत नाही, ते आतून मोडू लागतात. त्यातून निघालेली द्रव्ये मूत्रपिंडात जातात आणि लघवी काळसर होते. वेळेत उपचार झाले नाहीत तर मूत्रपिंड बंद पडते, हृदयही थांबू शकते.

नंदुरबारमध्ये हा विषय दूरचा नाही. इथे दर 10 माणसांत जवळपास 7 आदिवासी आहेत, आणि भिल्ल, पावरा, कोकणा, मावची या आपल्या शेजाऱ्यांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. हा फक्त आदिवासींचा आजार आहे असे समजून आपण निर्धास्त राहावे, तर तेही खरे नाही. विदर्भात आपल्याच समाजात तो असल्याचे गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकातच दिसून आले होते.

इथे काही जण आम्हाला विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे: चाचणी केली आणि मुलगा वाहक निघाला, तर त्याच्यावर शिक्का नाही का बसणार? अकॅडमीवाले त्याला काढून टाकतील, सोयरीक मोडेल. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याचे दुःख आपल्याइतके कोणी भोगले आहे? आता रक्तावरून नवी उतरंड का उभारायची?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या अनुभवात आहे. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीने सिकलसेल वाहकांना प्रवेश बंद केला होता. त्याचा फटका अर्थातच कृष्णवर्णीय तरुणांना बसला. लढा झाला, आणि 1981 मध्ये ती बंदी उठली. पुढे 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की सैनिकी प्रशिक्षणात अचानक मृत्यू येण्याचा धोका कृष्णवर्णीय वाहकांत इतर कृष्णवर्णीय जवानांपेक्षा सुमारे 28 पट होता. मग काय केले? नंतरच्या काळात सैन्याने सर्वांसाठीच पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम कडक केले. 2016 मध्ये सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा वाहकांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. स्नायू मोडण्याचा धोका तेवढा निम्म्याहून थोडा अधिक वाढलेला होता. याचा अर्थ सरळ आहे. माणसाला मैदानाबाहेर काढण्याची गरज नाही. मैदानाचे नियम माणसासारखे करण्याची गरज आहे.

आणि हे नियम केवळ वाहकांसाठी नाहीत. झारखंडमध्ये 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत एका तासात 10 किलोमीटर धावण्याची चाचणी होती. त्या भरतीत दहाहून अधिक तरुणांचा जीव गेला आणि सरकारला ती काही दिवस थांबवावी लागली. ऊन आणि अतिश्रम कोणाची जात विचारत नाहीत.

म्हणून आमचे मागणे असे. सराव हळूहळू वाढवावा. नव्या मुलाला पहिले दोन आठवडे उन्हाची आणि श्रमाची सवय होऊ द्यावी. वेगाच्या दोन फेऱ्यांमध्ये श्वास पूर्ण खाली बसेपर्यंत थांबावे. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. ताप, हगवण, मलेरिया यांतून उठलेल्याने काही दिवस धावू नये. सपाटीवरच्या मुलांना तोरणमाळच्या उंचीवर नेले तर पहिल्याच दिवशी वेगाचा सराव देऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढायच्या आत मैदान सोडावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: पायात जीव नाही, असे कोणी म्हणाला तर त्याला नाटकी म्हणू नये. पेटका आला की स्नायू दगडासारखा आवळतो आणि माणूस कळवळतो. वाहकाच्या त्रासात पाय लुळे पडतात, पण स्नायू हाताला मऊच लागतो; त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, याला काही झालेच नाही. अशा मुलाला तिथेच थांबवावे, सावलीत न्यावे, अंग गार करावे आणि लगेच 108 ला फोन करावा. तो वाहक असल्याचे माहीत असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. चाचणीचा खरा उपयोग तिथे आहे.

तथागतांच्या काळी सोण नावाचा एक श्रीमंत घरातला तरुण भिक्खू झाला. तो इतक्या जिद्दीने चंक्रमण करू लागला की त्याचे तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला कमी धडपडीचा म्हणून हिणवले नाही आणि घरी जा असेही म्हटले नाही. पूर्वी वीणा वाजवणाऱ्या सोणाला त्यांनी तारांबद्दल विचारले: तार फार आवळली किंवा फार सैल सोडली तर सूर निघतो का? तो नाही म्हणाला. मग प्रयत्नही तसाच समतोल ठेव, असे त्यांनी सांगितले आणि पायात घालायला वहाणांची परवानगीही दिली. आमच्या मैदानांना याहून चांगला प्रशिक्षक कुठून मिळणार?

1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे आणि बाधित आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबाने पहिली चाचणी होते. तीत दोष दिसला तर पुढची चाचणी वाहक की रुग्ण ते सांगते. आपल्या विहार समित्यांनी आरोग्य केंद्राला पत्र द्यावे आणि भीमजयंतीच्या कार्यक्रमात एक सकाळ या तपासणीसाठी राखून ठेवावी. शेजारच्या पाड्यावरच्या मुलांनाही बोलवावे. ज्याचा अहवाल त्याच्या हातात द्यावा, तो माईकवरून वाचू नये.

तो मुलगा आता पुन्हा धावतो. आधीपेक्षा सावकाश सुरुवात करतो, जवळ पाण्याची बाटली ठेवतो, आणि सोबत्यांना आपण वाहक आहोत हे स्वतःहून सांगतो. परवा त्याने सांगितल्यावर त्याच्या गटातल्या चौघांनी चाचणी करून घेतली. उरलेल्यांनीही करावी, एवढ्यासाठी हा लेख.

जयभीम.