ॲडव्हान्स गेला म्हणून समुद्रावर जायचं का?



४ ऑक्टोबर २०२५, शनिवार. दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात सेलूहून आपल्या बॅचमधल्या एका भावाचा फोन आला. "सर, दसऱ्याचा सीझन झाला. आज रात्री फॅमिलीला घेऊन दिवेआगरला निघायचंय, आणि टीव्हीवर ते शक्ती वादळ दाखवायलेत. बुकिंगचे साडेनऊ हजार भरलेत, परत मिळत नाहीत म्हणतेत. काय करू?"

फोन ठेवेपर्यंत त्याने वादळाचं नाव एकदा घेतलं आणि साडेनऊ हजारांचं चार वेळा. मुलं किती लहान आहेत, रात्री ड्रायव्हिंग कोण करणार, हे मला विचारून काढावं लागलं. मला त्याचा राग नाही आला. आपण सगळे दुकानदार असेच आहोत. गेलेला रुपया आपल्याला समोरच्या रस्त्यापेक्षा जास्त दिसतो.

मी त्याला एकच प्रश्न विचारला. समज तू एक रुपयाही भरलेला नाहीस. आज सकाळी हवामान खात्याचा इशारा वाचलास, कोकण किनाऱ्यावर सोसाट्याचा वारा, समुद्र खवळलेला. आणि कुणीतरी म्हणालं, दिवेआगरला रूम फुकट आहे, फक्त जायचा-यायचा आणि खायचा खर्च तुझा. जाशील का?

तो म्हणाला, "फुकट दिली तरी आज नाही जाणार, सर."

मग झालं की! साडेनऊ हजार तू गेलास तरी गेले आणि नाही गेलास तरी गेले. त्यांना हिशोबात घ्यायचंच नाही. याला बुडीत खर्च म्हणतात. बीबीएला हे पहिल्या वर्षाला शिकवतात, पण मला ते कळलं २०१९ च्या दिवाळीत, परीक्षा पास होऊन बरीच वर्षं झाल्यावर.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. आम्ही मार्केटमधले चार दुकानदार, चार फॅमिली, एक टेम्पो ट्रॅव्हलर. भाऊबीज आटपून ३० तारखेच्या रात्री तारकर्लीला निघायचं ठरलेलं. माझ्या वाटणीचे रूमचे सहा हजार आणि गाडीचे दीड हजार आधीच दिलेले. आणि दिवाळीच्या तोंडावर अरबी समुद्रात 'क्यार' वादळ उठलं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोव्यात धो धो पाऊस, मच्छीमारांनी नौका बंदरात आणलेल्या. २७ तारखेला, म्हणजे आपण इकडे चोपडीपूजन करत होतो तेव्हा, ते सुपर सायक्लोन झालं. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रात एवढं मोठं वादळ झालेलं नव्हतं. पण ते किनाऱ्याकडे न येता ओमानच्या दिशेने सरकत गेलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच फटाक्यांचे इमोजी. चला, गेलं!

आणि ३० तारखेला लक्षद्वीपजवळ 'महा' तयार झालं. एकाच समुद्रात एकाच वेळी दोन वादळं. गाडी रात्री निघणार होती.

त्या दुपारी माझ्या दुकानात बैठक बसली. एक जण म्हणाला, लक्षद्वीप कुठं, तारकर्ली कुठं. दुसरा म्हणाला, पैसे बुडण्यापेक्षा रूममध्ये बसून पत्ते खेळू. तिसऱ्याने मोबाईलवर वाऱ्याचा रंगीत नकाशा उघडला आणि बोट ठेवून दाखवलं, बघा, रेघ तिकडं गुजरातच्या बाजूला चालली. इथे एक सांगून टाकतो. हवामान खातं वादळाचा अंदाज देतं तेव्हा मधल्या रेघेभोवती एक पट्टा असतो आणि तो पुढे पुढे रुंद होत जातो. वादळाचं केंद्र त्या पट्ट्यात कुठेही जाऊ शकतं असा त्याचा अर्थ. आपण फक्त मधली रेघ बघतो, कारण आपल्याला जायचं असतं. आणि वारा, पाऊस, लाटा तर पट्ट्याच्या बाहेरही लांबपर्यंत असतात.

लांबच्या वादळाचं काय होतं ते २०२३ ला सगळ्यांनी बघितलं. 'बिपरजॉय' १५ जूनला गुजरातमध्ये जखाऊ बंदराजवळ धडकलं. पण त्याच्या तीन दिवस आधी, १२ जूनला, मुंबईत जुहूच्या समुद्रात चार मुलं बुडाली. वादळ शेकडो किलोमीटर लांब होतं, लाटा मात्र जुहूत होत्या.

तर त्या बैठकीत मी होमस्टेवाल्या काकांना फोन लावला. आधी सगळ्यांचाच एक प्रश्न असायचा, "काका, येऊ का?" आणि त्यांचं उत्तर, "या की, इथे काही नाही." त्यात त्यांची चूक नाही. सीझनला गिऱ्हाईक सोडायला कोण तयार होतो? आपण तरी सोडतो का? मी प्रश्न बदलला. "काका, उद्या तुमच्या वाडीतली होडी पाण्यात जाणार आहे का?" दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "नाही हो भाऊ. होड्या वर ओढून ठेवल्यात. बंदरात बावटा लागलाय."

ज्याचं पोट समुद्रावर आहे तो माणूस होडी वर ओढतो, आणि आपण परभणीवाले पाचशे-सहाशे किलोमीटरवरून पोरं घेऊन तिथे जाणार, कशासाठी? साडेसात हजारांसाठी.

अंतराचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ट्रॅव्हलचे सगळे सल्ले पुण्या-मुंबईच्या माणसाला धरून दिलेले असतात. त्याला अलिबाग म्हणजे सकाळी आभाळ बघून ठरवता येतं, बिघडलं तर संध्याकाळी घरी. आपल्याला लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत रात्रभर जायचं, वर घाट उतरायचा. दरड पडली की खालचा खाली, वरचा वर. २०२० मध्ये 'निसर्ग' ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा याच दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक दिवस वीज नव्हती. लॉकडाऊन होता म्हणून पर्यटक नव्हते.

म्हणून आपल्या माणसाने निर्णयाची वेळ आधीच ठरवून ठेवावी. हवामान खातं साधारण ७२ तास आधी वादळाची पहिली सूचना देतं, ४८ तास आधी अलर्ट, २४ तास आधी वॉर्निंग. मुंबईवाला २४ वर थांबू शकतो. आपण ४८ वरच ठरवायला पाहिजे. गाडी निघायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी सात वाजता बुलेटिन वाचायचं, घरच्यांसोबत बसायचं आणि ठरवून टाकायचं. वादळ त्यानंतर तयार झालं तर निघायच्या आधी पुन्हा बसायचं, आमचं २०१९ ला तेच झालं. उशीर केला की ॲडव्हान्सही जास्त जातो. रेल्वेचं तिकीट जितकं उशिरा रद्द कराल तितकी कपात जास्त. गाडीवाल्याचंही तेच, आदल्या दिवशी सांगितलं तर तो दुसरं भाडं बघू शकतो.

आम्ही तीन फॅमिलींनी रद्द केलं. चौथा गेला, स्वतःच्या गाडीने. आणि सांगू का, त्याचं काहीच झालं नाही. दोन दिवस पाऊस, बोटिंग बंद, तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन आणि सुरमई थाळीचे फोटो. 'महा' पुढे वळलं, कमजोर झालं आणि ७ नोव्हेंबरच्या सुमारास दीवच्या बाजूला संपलं. पुढचं वर्षभर मार्केटमध्ये मला "काय सर, आज वादळ आहे का?" असं ऐकावं लागलं.

माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. त्याचं नशीब चांगलं होतं, निर्णय चुकीचा होता. उधारी देताना आपण हेच करतो ना? अनोळखी माणसाला पन्नास हजारांचा माल दिला आणि त्याने पैसे आणून दिले, तर पुढच्या वेळी आपण एक लाखाचा देतो. पहिल्या वेळी वाचलो, हाच दुसऱ्या वेळचा पुरावा होतो. निर्णय घेताना हातात काय माहिती होती त्यावर तो तोलायचा. नंतर ऊन पडलं की पाऊस, हा भाग वेगळा.

बरं, जे पैसे बुडाले म्हणत होतो ते तरी बुडाले का? काकांशी मी रिफंडचं बोललोच नाही. त्यांनीही किराणा भरलेला, माणूस कामाला ठेवलेला. मी म्हणालो, पैसे तुमच्याकडेच राहू द्या, फक्त तारीख द्या. त्यांनी खुशीने जानेवारीची दिली, मधल्या वारी. गाडीचे दीड हजार मात्र गेले ते गेले. २०२० च्या जानेवारीत आम्ही तीन दिवस तारकर्लीत होतो. (उन्हाळ्याची तारीख घेतली असती तर लॉकडाऊनमध्ये अडकली असती, पण त्याचं श्रेय मी घेत नाही. वर काय लिहिलंय ते वाचा!)

आणि एक गोष्ट घरी थांबल्यावर दिसली. त्याच दिवसांत आपल्याकडेही अवकाळी पाऊस कोसळत होता. काढून ठेवलेलं सोयाबीन गंज्यांमध्ये भिजून कोंब आले, कापूस झाडावरच काळा पडला. नोव्हेंबरच्या मध्यात राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८ हजारांची मदत जाहीर केली, तीही २ हेक्टरपर्यंत. माझ्या दुकानाची दिवाळीची निम्मी उधारी त्याच सोयाबीनवर उभी होती. ३१ तारखेला दुकानात बसून मी उधारीची वही काढली आणि एकेकाला फोन केले. मागायला नाही, विचारायला. तारकर्लीत पत्ते खेळत बसलो असतो तर ते फोन दहा दिवस उशिरा गेले असते.

सेलूच्या भावाचं राहिलं. शक्तीही शेवटी समुद्रातच पश्चिमेकडे गेलं आणि विरलं. सोमवारी त्याचा मेसेज आला, "सर, काही झालंच नाही तिकडं." मी विचारलं, तारीख मिळाली का? म्हणाला, मिळाली, डिसेंबरची, वर हजार रुपये जास्त द्यायचेत. मी म्हणालो, दे, आणि या वेळी बुकिंग करताना तारीख बदलायची अट आधी लिहून घे.