घरचा अभ्यास आणि साहित्याची निवड

निवासी शाळेच्या स्मरणिकेत घरच्या अभ्यासाविषयी लिहिणे काहींना विसंगत वाटेल. तथापि दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी, आजारपण, घरातील कार्यप्रसंग हे सर्व धरले, तर वसतिगृहात राहणारा विद्यार्थीही वर्षातील बराच काळ घरीच असतो. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा आणि वसतिगृहे बंद झाली, तेव्हा तर प्रत्येक घराला शाळा व्हावे लागले. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या परिसरात आज काही मोजके पालक विचारपूर्वक मुलांना घरीच शिकवतात. त्यांच्याहून कितीतरी अधिक पालक शाळा सांभाळून संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतात. या सर्वांपुढील प्रश्न मात्र एकच आहे. घरी मुलाच्या हाती काय द्यावे? या शाळेत शिकून आज पालक झालेले आम्ही माजी विद्यार्थी याच प्रश्नाविषयी आमचे मत येथे मांडत आहोत.

शाळा सुरू होण्याच्या दिवसांत स्टेशनाबाहेरील कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात उभे राहावे. पाठ्यपुस्तकांपेक्षा गाईडांचे ढीग उंच असतात. प्रश्नसंच, तयार उत्तरांच्या स्वाध्यायपुस्तिका, रंगीत तक्ते आणि आता मासिक हप्त्यांवर मिळणारे टॅब व अभ्यासाचे ॲप यांची त्यांत भर पडते. ज्या समाजाच्या हाती शतकानुशतके अक्षर पडू दिले गेले नाही, त्या समाजाच्या मनात छापील कागदाविषयी अपार आदर असावा, हे स्वाभाविक आहे. तो आदर आमच्याही मनात आहे. परंतु आदर आणि निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकाविषयी आदर आहे म्हणून पुस्तकाच्या आकाराची प्रत्येक वस्तू घरात आणलीच पाहिजे, असे नाही. विक्रेता पालकाच्या चिंतेला हात घालतो. ‘तुम्हांला वेळ नाही ना, मग हे यंत्र शिकवील,’ असे तो सांगतो. पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या बापाला आणि दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या आईला हे आश्वासन गोड वाटले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

आमचे म्हणणे नेमके याच ठिकाणी आहे. घरी वापरावयाचे चांगले साहित्य मूल आणि घरातील मोठे माणूस यांना एकमेकांजवळ बसवते. जे साहित्य मोठ्या माणसाला मुलापासून मोकळे करण्याचे वचन देते, ते कितीही महाग असले तरी घराच्या उपयोगाचे नाही.

याचे सर्वांत थोर उदाहरण आपल्याला ठाऊक आहे, परंतु या दृष्टीने आपण ते क्वचितच पाहतो. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले गृहस्थ होते. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जात होते, तरी त्यांची खरी तालीम परळच्या चाळीतील खोलीत चालली होती. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही पुस्तके रामजींनी मुलाकडून पक्की करून घेतली. खोलीत जागा नव्हती. मुलाने लवकर निजावे, वडिलांनी मध्यरात्रीनंतर त्याला उठवावे आणि घर शांत असताना त्याने अभ्यास करावा, अशी त्यांनी व्यवस्था लावली. मुलाला एखादे पुस्तक हवे झाले आणि हाताशी पैसा नसला, तर ते विवाहित मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की तो सोडवून आणीत.

या हकीकतीतून आम्ही तीन गोष्टी घेतो. पहिली ही की साहित्य थोडे होते, पण ते पुन्हापुन्हा वाचले गेले. दुसरी ही की शिकवणारा माणूस त्या साहित्याजवळ हजर होता. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की दागिना गहाण पडला, तो मुलाने मागितलेल्या पुस्तकासाठी, कोणा विक्रेत्याने गळ्यात घातलेल्या वस्तूसाठी नव्हे.

याच हकीकतीला आणखी एक बाजू आहे. चर्नी रोडच्या बागेत अवांतर वाचन करीत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेस पडला. पुढे परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल वस्तीतील लोकांनी त्याच्या सत्काराची सभा भरवली, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. त्या भेटीने त्या मुलाच्या मनात कोणते बीज पडले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्याचा वृक्ष कसा झाला, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगणे नलगे. ज्याने मुलाला वाचताना पाहिले होते, त्यानेच त्याच्यासाठी पुस्तक निवडले. आमच्या मते योग्य निवडीची याहून मोठी कसोटी नाही.

साहित्य कसे असावे, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणासाठी मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्रारंभिक ज्ञान, नीती आणि आरोग्य एवढ्या विषयांची मागणी केली होती. प्रचलित क्रमिक पुस्तके व्यवहारोपयोगी नाहीत, त्यांची नव्याने रचना झाली पाहिजे, असेही त्यांनी बजावले होते. पुढे १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी महागड्या परदेशी साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे यांतून मोजणी, रंग आणि आकार शिकवले. हेच काम नंतर कोसबाडच्या टेकडीवर बहरले.

येथे आमच्याच वस्तीतून एक रास्त आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ‘इतरांच्या मुलांना टॅब आणि आमच्या मुलांना खडे, हाच न्याय पुन्हा का?’ हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. साधेपणाचा उपदेश गरिबालाच करण्याची रीत जुनी आहे. त्या रीतीचे समर्थन आम्ही करीत नाही. रामजींनी मुलाला स्वस्तातले काही देऊन समजूत घातली नाही. त्याने मागितलेले पुस्तकच त्याला दिले. आमचेही म्हणणे तेच आहे. निरुपयोगी वस्तूंवरील खर्च थांबवावा आणि मुलाने मनापासून मागितलेले पुस्तक, शब्दकोश, नकाशासंग्रह किंवा भिंग घेताना हात आखडू नये. ज्या हप्त्यांत टॅब येतो, त्या हप्त्यांत दरमहा एक-दोन चांगली पुस्तके येऊ शकतात, आणि वर्षअखेरीस घरात एक लहान ग्रंथालय उभे राहते.

मग प्रारंभ कोठून करावा? आमच्या मते पाठ्यपुस्तकापासूनच. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. गाईडातील उत्तर पाठ करण्यापूर्वी मुलाने मूळ धडा मोठ्याने वाचावा आणि घरातील कोणीतरी तो ऐकावा. ऐकणाऱ्याला वाचता येत नसले तरी चालते. ‘याचा अर्थ काय? मला समजावून सांग,’ एवढे विचारणारी आजी ही उत्तम परीक्षक असते. दहावीच्या वर्षी सरावासाठी प्रश्नपत्रिका अवश्य घ्याव्यात. त्यांना आमचा विरोध नाही. परंतु तिसरी-चौथीच्या मुलाच्या हाती तयार उत्तरे देणे, हे चालायला शिकणाऱ्या मुलाच्या हाती काठी देण्यासारखे आहे.

पाठ्यपुस्तकाच्या जोडीला अवांतर वाचन हवे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. मराठी विश्वकोश कोणालाही विनामूल्य पाहता येतो. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी बनवण्याच्या ज्या कृती दिल्या आहेत, त्या मराठीतही आहेत आणि त्यांना काड्यापेट्या, सायकलची व्हॉल्व्ह-नळी, रिकाम्या बाटल्या एवढेच पुरते. मोबाइल घरात असणारच. त्याचा उपयोग या भांडारापर्यंत पोहोचण्यासाठी करावा. मूल गप्प बसावे म्हणून तो त्याच्या हाती देऊ नये. मूल इंग्रजी माध्यमात शिकत असले, तरी घरचे वाचन मराठीत चालू ठेवावे. आई-वडिलांच्या भाषेतील पुस्तकावरच आई-वडिलांना मुलाजवळ बसता येते.

छापील साहित्याइतकेच मोलाचे साहित्य आपल्या परिसरात पडलेले आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२ असा काल आहे. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १०६० येते. एवढ्या एका बेरजेतून कालगणना, शिलाहारांचा इतिहास आणि वालधुनी नदी असे तीन विषय उघडतात. वालधुनीचे पाणी आज असे का झाले, हा विज्ञानाचा आणि नागरिकशास्त्राचाही धडा आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही कॅम्प क्रमांक एक ते पाच या पत्त्यांत तो इतिहास जिवंत आहे. शेजारच्या वृद्ध सिंधी आजोबांना मुलांनी प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहिली, तर ती वही कोणत्याही प्रकल्पपुस्तिकेहून सरस ठरेल. जीन्सच्या कारखान्यात काम करणारा बाप कापडाचे माप घेतो, तेव्हा तो अपूर्णांकच हाताळत असतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. उल्हास नदीचे पात्र, तिचे उगमाकडील खोरे आणि पूररेषा समजावून सांगण्यासाठी याहून जवळचे उदाहरण कोठे शोधावे?

त्याच उल्हासच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे प्राचीन बौद्ध लेणी आहे. कर्जतपर्यंत लोकल जाते. तेथून पुढे सुट्टीतील एक दिवस पुरतो. चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील शिल्पाजवळ ब्राह्मी लिपीत एक लहान लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा त्याचा आशय आहे. अंतेवासी म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा शिष्य. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने आपली ओळख सांगताना आपण कोणाजवळ राहून शिकलो, हे सांगितले. कोणत्या साधनाने शिकलो, हे सांगितले नाही. मुलांना ब्राह्मीची अक्षरे ओळखायला शिकवून तो लेख दाखवावा. वसतिगृहातील मुलांना त्या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

ज्या पालकांना काही कारणाने मुलाला पूर्णपणे घरीच शिकवावयाचे आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे आणि त्याच्या कलम १० नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानले आहे. म्हणून हा निर्णय हौसेने किंवा शाळेवरील रागापोटी घेऊ नये. परीक्षेचे मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. त्याच संस्थेची माध्यमिक परीक्षा वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते, आणि राज्य मंडळाच्या दहावीला १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बसता येते. साहित्य निवडताना या परीक्षांचा अभ्यासक्रम आधी हाती घ्यावा. घरात रोज दोन-तीन तास निश्चितपणे देणारे माणूस नसेल, तर केवळ साहित्याच्या भरवशावर मुलाला शाळेतून काढणे हे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. समवयस्कांची संगत कोणत्याही पेटीत भरून मिळत नाही.

खरेदीपूर्वी प्रत्येक पालकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे घेतल्यावर मूल काही करील की नुसते पाहत राहील? यातून त्याला नवा प्रश्न सुचेल की केवळ तयार उत्तर मिळेल? आणि याच्याजवळ मी रोज वीस मिनिटे बसू शकेन का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना विनंती. आपल्या तिन्ही शहरांत, वस्त्यावस्त्यांत बुद्धविहार आहेत. तेथे एका कपाटात वापरून झालेली पाठ्यपुस्तके, ‘किशोर’चे अंक, शब्दकोश आणि नकाशे ठेवता येतील. सुट्टीत घरी आलेल्या मुलांबरोबर आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे बसता येईल. केळुसकरांनी एका मुलाला वाचताना पाहिले आणि त्याला एक पुस्तक दिले. आपण शेकडो आहोत. आपापल्या गल्लीतील एका मुलाचे वाचन प्रत्येकाने पाहावे, त्याला काय हवे ते विचारावे आणि तेच पुस्तक त्याच्या हाती द्यावे. या शाळेने आपल्यासाठी जे केले, त्याची उतराई होण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.