लाल म्हणजे कोणता लाल?



हंगामात फडातून गव्हाणीपर्यंत खेपा चालू असताना ट्रॅक्टरच्या अंगाकडे बघावयास कुणालाच सवड नसते. गाळप थांबते, गाडी दारात उभी राहते आणि मग मडगार्डचा उडालेला रंग, बॉनेटवरचा बाभळीचा ओरखडा, बॅटरीखालचा खाल्लेला पत्रा हे सारे डोळ्यांत खुपू लागते. मग गावच्या दुकानातून 'लाल' रंगाचा एक डबा येतो. कुणीतरी ब्रशाचे चार फटकारे मारतो आणि 'लालच हाय की, कुठं दिसतंय' म्हणून विषय मिटतो. आमचे म्हणणे असे की, दिसते. आणि विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तर ते सर्वांत आधी दिसते.

जुन्या ट्रॅक्टरचा व्यवहार करणारा माणूस इंजिन चालू करावयास सांगण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारतो. बॉनेटवर दोन जातींचे लाल दिसले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, 'पलटी झालती काय?' खरे कारण बाभळीची फांदी असेल, पण एकदा संशय शिरला की तो भाव पाडूनच बाहेर पडतो. ट्रॅक्टर बहुधा कर्जावर घेतलेला. विकताना कमी आलेली रक्कम शेवटी कर्जखात्यातच कमी पडते. त्यामुळे मिळता रंग लावणे ही हौस आहे असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मात्र तो सगळीकडे लावावा असेही आम्ही म्हणणार नाही, त्याचा खुलासा पुढे येईलच.

प्रथम रंगाचे बघू. महिंद्राचा लाल आणि मॅसीचा लाल शेजारी उभे केले तर ते एक नाहीत हे लहान पोरही सांगेल. सोनालिका निळा, न्यू हॉलंडही निळा, पण एकाचा डबा दुसऱ्याला चालत नाही. शिवाय एकाच ट्रॅक्टरवर पत्र्याचा रंग एक, इंजिन-गिअरबॉक्सचा दुसरा आणि चाकाच्या डिस्कचा तिसरा असतो. जॉन डिअरचा पत्रा हिरवा आणि चाके पिवळी, हे तर रस्त्यावरून जातानाही दिसते. तेव्हा दुकानात जाऊन नुसता 'लाल द्या' म्हणणे म्हणजे बियाण्याच्या दुकानात 'ऊस द्या' म्हणण्यासारखे आहे. कुठल्या जातीचा, ते नको का सांगायला?

मोटारगाडीला रंगाचा कोड असतो. तो दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पट्टीवर छापलेला सापडतो, अनेक मोटारसायकलींना सीटखाली चिकटवलेला असतो. ट्रॅक्टरला तो सहसा असा समोर मिळत नाही. त्यासाठी कंपनीच्या स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवर मॉडेल आणि वर्ष सांगून विचारावे. कंपनीचा डबा मिळाला तर उत्तम. पण एच.एम.टी.सारख्या गाडीचे काय करणार? हे ट्रॅक्टर १९७१ पासून निघू लागले आणि २०१६ साली सरकारने तो विभागच बंद करण्याचा निर्णय घेतला. अजून कितीतरी शिवारांत ते इमानाने राबत आहेत, रंगाचा डबा मात्र कंपनीकडून येण्याची वाट बंद झाली. अशा गाडीचा रंग तिच्याच पत्र्यावरून मिळवावा लागतो.

तालुक्याच्या गावी रंग मिसळून देणारी दुकाने आता झाली आहेत. तेथे निरनिराळे मूळ रंग काट्यावर ग्रॅममध्ये तोलून शेड बनवतात. काहींकडे पत्र्यावर टेकवून रंग वाचणारे यंत्रही असते. तेथे जाताना मोबाईलवर फोटो काढून नेऊ नये, फोटोतला रंग हा फोटोचा असतो. टूलबॉक्सचे किंवा बॅटरीच्या डब्याचे झाकण सोडवून न्यावे.

आता गोम अशी की, तुमचा आजचा ट्रॅक्टर कंपनीतून निघाला त्या रंगाचा राहिलेलाच नसतो. उन्हाने रंगातले बांधून ठेवणारे द्रव्य मरते आणि वर भुकटी सुटते. जुन्या बॉनेटवरून हात फिरवा, तळहात लाल होतो. म्हणून रंग मिळवण्याआधी तेवढी जागा धुऊन रबिंग कंपाउंडने घासून घ्यावी. खालचा जिवंत रंग वर आला की मगच ताडून पाहावे. एवढे करूनही नंबरप्लेटच्या मागचा रंग आणि बॉनेटवरचा रंग यांत फरक राहतोच. तेव्हा आमच्या मते लहानसा डाग भरावयाचा असेल तर आजच्या बॉनेटशी मिळवावे. पत्राच बदलला किंवा सबंध बॉनेट रंगवावयाचे असेल तर मूळ कोडाचा रंग घ्यावा. आणि डाग मोठा असेल तर मधेच न थांबता पत्र्याची घडी किंवा कड येईपर्यंत रंग न्यावा. कडेला नजर अडते, तेथे थोडा फरक खपून जातो.

दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात जुळलेला रंग दारात आणला की वेगळा दिसतो, हा अनुभव लुगडे घेणाऱ्या प्रत्येक बाईला आहे, ट्रॅक्टरवाल्याला मात्र तो दरवेळी नव्याने येतो! पत्र्याच्या तुकड्यावर पट्टी ओढावी, पूर्ण वाळू द्यावी, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा नसतो. मग ती पट्टी उन्हात गाडीवर धरून बघावी. दुकानदार घाई करील, करू द्या. दुसरे असे की, जुना साधा इनॅमल असलेल्या पत्र्यावर हार्डनर घालावयाचा रंग मारला तर त्यातल्या तेज थिनरने खालचा थर सुरकुतून उठतो. आधी कोपऱ्यात थेंबभर लावून पाहावा.

जादा सामानाचे दुखणे वेगळे आहे. वेल्डिंगवाल्याकडून करून आणलेला बंपर, हूड, हूक हे 'फिटिंग'च्या हिशेबात रंगासह येते. तो रंग पुष्कळदा गंजावर, वेल्डिंगच्या खपल्यांवर तसाच मारलेला असतो आणि पहिल्या पावसात पोपडे धरतो. सामान कच्चेच घ्यावे, निदान रेड ऑक्साईडवर घ्यावे आणि मिळता रंग आपण देऊन मारून घ्यावा, हे आम्हाला बरे वाटते.

ट्रेलरच्या बाबतीत मात्र मिळत्या रंगापायी पैसा घालवू नये. ट्रेलरला गिऱ्हाईक चासी, एक्सल आणि टायर बघून भाव करते. त्याचा शत्रू गंज आहे. उसाचा रस आणि पाचटाचा ओला थर तळाला कुजत राहतो. मग त्याच ट्रेलरमधून पोटॅशची पोती जातात. पोटॅश म्हणजे एक प्रकारचे मीठच, लोखंडाला लागले की गंजाला फावते. येथे रंग जुळवण्यापेक्षा तारेच्या ब्रशाने गंज उतरवून, धुऊन वाळवून, प्राइमरचे दोन हात देणे महत्त्वाचे. वर कोणताही चांगला इनॅमल चालेल. बॅटरीखालच्या पत्र्यालाही असेच. आधी खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून धुवावे, नाहीतर नव्या रंगाखाली पत्रा खातच राहतो.

रंगवणाऱ्या पोराला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. मागचे रिफ्लेक्टर आणि चकाकणाऱ्या पट्ट्या यांवर ब्रश फिरवू नको, आणि चासी नंबर बुजवू नको. रंगाच्या भरात रिफ्लेक्टर लाल इनॅमलखाली गाडलेले ट्रेलर आम्ही पाहिले आहेत. रात्री रस्त्याकडेला उभा असा ट्रेलर मोटारसायकलवाल्याला दिसत नाही, आणि त्यात माणूस जातो. सबंध गाडीचाच रंग बदलावयाचा झाला तर आर. सी. बुकात रंग नोंदलेला असतो हे ध्यानात घेऊन आर. टी. ओ. कडे तशी नोंद करावी.

जुना रंग घासताना पाणी घेऊन वॉटर पेपरने घासावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. १ नोव्हेंबर २०१७ पासून शिशाला मर्यादा घालणारा नियम लागू झाला, पण तो घरगुती आणि शोभेच्या रंगांपुरता आहे. कोरडे घासून उडवलेली धूळ अंगणात, पोरांच्या हातातोंडाशी जाते. हार्डनरच्या रंगाचा फवारा तर छातीला वाईट, नुसता गमचा बांधून भागत नाही, त्यासाठीचा मास्क लागतो.

शेवटी खर्चाचे. पावशेर रंग मिसळून द्यावयास दुकानदार नाखूष असतो, आणि लिटरभर घेतला तर उरलेला डब्यात साय धरून वाया जातो. एका गटात एकाच कंपनीचे, एकाच सुमाराचे चार ट्रॅक्टर सहज निघतात. चौघांनी मिळून लिटर बनवून घेतला तर कुणालाच जड जाणार नाही. दसऱ्याच्या तोंडावर सगळ्यांनी एकदम पेंटरच्या दारात उभे राहण्यापेक्षा हे काम पावसाआधी, सकाळच्या वेळी उरकावे. दमट हवेत रंगाची चमक जाते आणि तापल्या पत्र्यावर फोड येतात.

दुकानदार मिसळलेल्या रंगाचे प्रमाण चिठ्ठीवर लिहून देतो. त्या चिठ्ठ्या मॉडेल आणि वर्षाप्रमाणे चिकटवून एक वही ग्राहक भांडारात ठेवावी, असे आम्ही संचालक मंडळास सुचवीत आहोत. यास फार खर्च नाही. तोवर ज्या सभासदांनी रंग मिळवून घेतला असेल आणि चिठ्ठी जपून ठेवली असेल, त्यांनी ती आपल्या गट ऑफिसात आणून दाखवावी, उतरून घेऊन लगेच परत केली जाईल.