पहिल्या पेल्याआधीचा हिशेब

तरुणांना दारूविषयी नीट माहिती द्यावी म्हटले, की आक्षेप ठरलेला असतो : माहिती देणे म्हणजे परवानगी देणे. असे म्हणणाऱ्यांना जुनाट ठरवून उडवून लावणे अन्यायाचे आहे. दारूने मोडलेली घरे त्यांनी जवळून पाहिलेली असतात. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी आली ती लोकांच्याच रेट्याने. विज्ञानही त्यांच्याच बाजूचे आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1988 सालीच दारूला निश्चित कर्ककारकांच्या यादीत बसवले आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितले, की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही.

इथवर सगळे मान्य. चूक होते ती पुढे. घरातले गप्प राहिले म्हणून विषय संपत नाही. मग शिकवणी घेतो तो वसतिगृहातला ‘अनुभवी’ मित्र. त्याचा पहिला धडा असतो, बिअर म्हणजे काही दारू नव्हे.

हा धडा आकड्यांनी तपासावा. 650 मिलीच्या आणि 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत 52 मिली, म्हणजे सुमारे 41 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 30 मिलीचा पेग सुमारे 10 ग्रॅमचा. म्हणजे ‘नुसती एक बिअर’ घेणाऱ्याने चार पेग रिचवलेले असतात, एका क्वार्टरचा दोन तृतीयांश भाग! व्हिस्कीचे चार पेग पहिल्याच बैठकीत घ्यायला जो मुलगा घाबरेल, तोच ही बाटली अर्ध्या तासात संपवतो.

दुसरा धडा उताऱ्याचा : लिंबू, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ. यांपैकी कशानेही रक्तातली दारू लवकर कमी होत नाही. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकाली काढते, त्यामुळे त्या एका बाटलीला चार ते सहा तास लागतात. कॉफीने झोप उडते, नशा नाही. आणि जागा झालेला तो मुलगा दुचाकीची किल्ली शोधू लागतो. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. सडपातळ तरुण ती एका बाटलीत सहज ओलांडतो.

‘सगळेच घेतात’ हा तिसरा धडा तर धडधडीत खोटा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 वर्षांवरील दर 100 पुरुषांत सुमारे 14 जणांनीच दारू पीत असल्याचे सांगितले. न पिणारा इथे बहुसंख्य आहे. मित्रांत बसून लिंबू सरबत मागवणाऱ्याने कारण देण्याची काहीच गरज नाही, आणि त्याला आग्रह करणे हा उघड असभ्यपणा आहे.

तरीही ज्याला घ्यायचीच आहे त्याने आधी वय पाहावे : महाराष्ट्रात बिअरला 21, कडक दारूला 25, शिवाय परवाना. मग बाटलीवरचे टक्के वाचावेत. सीलबंद नसलेली, कुठून आली ते ठाऊक नसलेली दारू तोंडाला लावू नये; मुंबईतल्या मालवणीत जून 2015 मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, आणि मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. पोटभर जेवून, एका छोट्या पेगवर किंवा पेलाभर सौम्य बिअरवर थांबावे. चखण्याला जेवण समजू नये. झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक चालू असेल तर अजिबात नको, गरोदरपणातही नको. मुलींनी मुलांच्या बरोबरीने पेले मोजू नयेत, कारण शरीरातले पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूची रक्तातली पातळी त्यांच्यात जास्त चढते. घरी परतायची गाडी आधीच ठरलेली असावी.

यातले काहीच लक्षात राहिले नाही, तरी एवढे प्रत्येक मित्राला ठाऊक हवे. हाक मारून, हलवूनही जो उठत नाही, ज्याचा श्वास मंद किंवा अडखळता आहे, अंग गार पडले आहे, त्याला ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून एकटे सोडायचे नाही. उताणे झोपलेल्याची उलटी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरू शकतो. त्याला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही आणि 108ला फोन करायचा. घरी कळेल, वॉर्डन रागावेल ही भीती त्या घटकेला बाजूला ठेवायची आणि तो किती प्यायला आहे ते डॉक्टरांना खरे सांगायचे.