काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण!

‘तू आफ्रिकेत होतास? मग सिंह बघितलेस का रे?’ फर्स्ट इयरपासून आजपर्यंत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची मोजदाद मी सोडून दिली आहे. हो, बघितले. तिकीट काढून, जीपमधून, बाबांना रजा मिळाली तेव्हा. तुम्ही ताडोब्याला जाता तसंच!

२००९ ते २०१९ अशी माझी दहा वर्षं टांझानियात गेली. बाबा सांगलीकडचे शुगर इंजिनिअर, मोशी गावाजवळच्या साखर कारखान्यात त्यांना नोकरी लागली. (मोशी म्हटलं की इथं सगळ्यांना नाशिक हायवेवरची मोशी आठवते. ही ती नव्हे. स्वाहिलीत मोशी म्हणजे धूर.) गाव किलिमांजारोच्या पायथ्याशी. ५८९५ मीटरचा डोंगर, विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशावर, आणि डोक्यावर बर्फ! शाळेत जाताना तो स्वच्छ दिसायचा, नऊ-दहा वाजले की ढगात गडप. १९१२ पासून त्यावरच्या बर्फाचं ऐंशी टक्क्यांहून जास्त क्षेत्र वितळून गेलंय, हे आम्हाला भूगोलाच्या तासाला खिडकीतून बाहेर बोट दाखवून शिकवलं होतं.

सिव्हिलवाल्यांसाठी खास: त्या डोंगराच्या उतारावर चग्गा लोकांनी काही शतकांपूर्वी खणलेले पाण्याचे पाट आहेत. लेव्हलिंग इन्स्ट्रुमेंट नाही, काही नाही, आणि पाणी मैलोन् मैल केळीच्या आणि कॉफीच्या बागांत फिरवलंय. याच शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये कॉफीचा सहकारी संघ काढला. आपला प्रवरानगरचा कारखाना १९५० च्या सुमाराचा. सहकार म्हणजे फक्त आपलीच मक्तेदारी असं समजणाऱ्या आमच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

शाळेत पहिला गोंधळ नात्यांचा. स्वाहिलीत ‘काका’ म्हणजे भाऊ, ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘बाबू’ म्हणजे आजोबा! आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना मी ‘दादा’ म्हणायचो. फोनवर ‘दादाने वेणी घातली’ असं ऐकून सांगलीची आजी चक्रावून जायची. दुसरा गोंधळ घड्याळाचा. तिथं दिवस उजाडला की तास मोजायला सुरुवात. सकाळचे सात म्हणजे ‘एक वाजला’, दुपारचे दोन म्हणजे ‘आठ’. विषुववृत्ताजवळ बारा महिने सूर्य साधारण सहा-साडेसहाच्या आसपासच उगवतो, म्हणून हे जमतं. मला तर आपल्यापेक्षा हीच पद्धत शहाणपणाची वाटते. मध्यरात्री झोपेत असताना नवीन दिवस सुरू करण्यात काय अर्थ आहे?

मोठं माणूस दिसलं की ‘शिकामू’ म्हणायचं, ते ‘मराहाबा’ म्हणणार. त्याचा मूळ अर्थ ‘पाय धरतो’ असा आहे असं सरांनी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, ‘अगं बाई, हा तर आपला वाकून नमस्कार!’ शाळेचा वॉचमन असो की हेडमास्तर, शिकामू चुकलं की कान पिळला जायचा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. २०१६ मध्ये मी पाचवीत होतो. ३१ जानेवारीला बंगळूरमध्ये एका सुदानी विद्यार्थ्याच्या गाडीखाली एक बाई मेली. त्यानंतर थोड्या वेळाने तिथून एक टांझानियन विद्यार्थिनी गाडीने चालली होती. तिचा त्या अपघाताशी काडीचा संबंध नव्हता. जमावाने तिला मारहाण केली, गाडी पेटवून दिली. टांझानिया आणि सुदान यांच्यामध्ये अख्खे देश पडतात, पण जमावाला ते ‘सगळे एकच’ होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ही बातमी आमच्या वर्गात आली. बाकावरच्या मित्राची थोरली बहीण तेव्हा भारतात शिकायला यायची तयारी करत होती. त्याने मला एवढंच विचारलं, ‘तुमच्याकडे असं करतात?’ मला काही बोलता आलं नाही. बहीण आली नाही, दारेस्सलामलाच शिकली.

तिथं आम्हाला वेगळं काढत नव्हते असं मी म्हणणार नाही. गुजराती, पंजाबी, मराठी सगळे ‘म्हिंदी’च. मराठी म्हणजे काय हे समजावताना माझी दमछाक व्हायची. पण समजावून घेणारे भेटले. एकशे वीसहून जास्त जमातींच्या देशात पोरांना सवयच असते: तू चग्गा, तो पारे, हा मासाई, बरं, तुझं काय? विचारायचे आणि लक्षात ठेवायचे.

आणि आपल्या होस्टेलवर? टांझानिया, सुदान, मलावी, कुठलाही असो, त्याचं नाव ‘नायजेरियन’. त्याहून वाईट शब्दही आहेत, ते इथं छापता येणार नाहीत. गॅदरिंगला ‘आफ्रिकन डान्स’चा आयटम मात्र त्यांच्याकडूनच हवा. शिट्ट्या वाजवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये त्यांच्या टेबलवर कोणी बसायचं नाही. काही जण म्हणतील, ‘आफ्रिकन म्हणण्यात काय वाईट?’ काहीच नाही. टांझानियाच्या राष्ट्रगीताची सुरुवातच आफ्रिकेच्या नावाने होते आणि त्याची चाल झांबियाच्या राष्ट्रगीताचीही आहे. ते अभिमानाने आफ्रिकन म्हणवतात. पण चोपन्न देशांतल्या माणसाला त्याचं नाव न विचारता तोच शब्द तोंडावर फेकणं निराळं.

२०२३ मध्ये मद्रास आयआयटीने झांझिबारला शाखा काढली, आयआयटीची देशाबाहेरची पहिली. तिथल्या रस्त्यांवर रिक्षाला ‘बजाजी’ म्हणतात, आपल्या आकुर्डीच्या बजाजवरून! आपली यंत्रं आणि आपल्या संस्था तिकडे पोचल्या, आणि तिकडचा पोरगा आपल्या कॉरिडॉरमध्ये एकटा चालतो. रेक्टर सरांना माझी विनंती आहे की रूम ॲलॉटमेंट करताना परदेशी मुलांना एका टोकाच्या विंगमध्ये वेगळं ठेवणं बंद करावं. ‘त्यांची सोय’ म्हणून ते करतात हे मला माहीत आहे. पण रूम पार्टनर झाल्याशिवाय कोण कोणाला ओळखतं हो?

त्या विंगमध्ये डोडोमाहून आलेला एक ज्युनिअर आहे. मी ‘मांबो’ म्हटल्यावर त्याच्या तोंडून ‘पोआ’ निघालं आणि मग दोन तास तो थांबेचना. चार महिन्यांत त्याच्या नावाचा उच्चार कसा करायचा हे त्याला कोणी विचारलेलं नव्हतं.

रविवारी रात्री मेस बंद असते, मेसचे काका (आपल्या अर्थाने काका!) शेगडी वापरू देतात. या रविवारी तो मक्याच्या पिठाची उगाली करणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी आठपर्यंत यावं, आपल्या घड्याळाने. येताना कांदा-टोमॅटो आणा, कोशिंबीर करू. तिला तिकडे कचुंबरी म्हणतात.