सनद पक्की, मालक कैदेत

जागा मोकळी व्हावी, तिची सनद आपल्या पेटीत असावी, आणि नेमके त्याच सुमारास आपण कैदेत पडावे! इंग्लंडातील जॉन आन्स्टिस या गृहस्थावर हा प्रसंग ओढवला.

आन्स्टिस कॉर्नवॉलचा, जन्म १६६९ चा. ऑक्सफर्डला शिकला, कायदा शिकला, तीन निरनिराळ्या मतदारसंघांतून पार्लमेंटात जाऊन बसला. तेथील त्याच्या कर्तृत्वाविषयी फारसे न बोललेलेच बरे. त्याचा जीव रमे तो जुन्या वंशावळींत आणि मानचिन्हांत. लंडनला 'कॉलेज ऑफ आर्म्स' म्हणून सरदार घराण्यांच्या मानचिन्हांची दप्तरे ठेवणारी संस्था आहे. (नाव कॉलेज, पण विद्यार्थी एकही नाही, आम्हां प्राध्यापकांना हेवा वाटावा असे ठिकाण!) तेथील सर्वांत मोठा मानकरी तो 'गार्टर'. ही जागा पुढे रिकामी होताच आन्स्टिसला मिळावी, अशी सनद १७१४ साली ॲन राणीने दिली आणि काही महिन्यांतच ती वारली.

१७१५ च्या ऑगस्टात म्हातारा गार्टर गेला. इकडे आन्स्टिस टोरी पक्षाचा. हद्दपार स्टुअर्ट वारसाला गादीवर आणण्याच्या कटाचा संशय येऊन त्याला अटक झाली. संस्थेच्या वरिष्ठांनी जागेवर नेमले सर जॉन व्हॅनब्रूला. ब्लेनहाइमचा प्रचंड प्रासाद उभारणारा हाच तो नाटककार. गंमत अशी, की या व्हॅनब्रूने 'ईसॉप' नाटकात वंशावळवाल्यांची यथेच्छ टिंगल केली होती, आणि १७०४ पासून तो स्वतःच त्या संस्थेत वरच्या जागी बसला होता!

एकीकडे राजधानीभर नाव झालेला कलावंत, दुसरीकडे राजद्रोहाचा संशय आलेला कागदी किडा. निकाल काय लागणार, हे कुणीही सांगितले असते. पण आन्स्टिस सुटला, आणि हातातला कागद त्याने सोडला नाही. नेमणुकीचा हक्क राजाचा की संस्थेच्या वरिष्ठांचा, यावर तीन वर्षे वाद चालला. अखेर १७१८ साली सनद खरी ठरली. व्हॅनब्रू हात चोळीत राहिला. पुढे त्याने आपली जुनी जागा चक्क विकून टाकली.

आन्स्टिसने मात्र जागेचे सोने केले. गार्टर पदवीच्या मानकऱ्यांची जुनी नोंदवही त्याने १७२४ साली छापून काढली. दुसऱ्याच वर्षी 'बाथ' हा मानाचा किताब नव्याने सुरू झाला, त्यातही त्याचा हात होता. पंतप्रधान वॉलपोलने तो किताब स्वतःही घेतला.

आणि १७२७ साली या शहाण्या गृहस्थाने नवी सनद करून घेतली: जागा एक, गार्टर दोन, आपण आणि आपला मुलगा. पुन्हा ती रिकामी होण्याची भानगडच नको!